पत्रावळीवरची सवाष्ण

मुक्ताबाई हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव एकदा पोलिसांच्या कागदावर गेलं आणि त्यात माझाही हात होता, म्हणून इथं लिहीत नाही. तिच्या गावाचंही नाव लिहीत नाही, कन्नड तालुक्यात आहे एवढंच. बाकीच्यांची नावंही बदलली आहेत. तिला विचारून लिहिते आहे. "लिहा, पण मला वळखायला येऊ नये," एवढीच तिची अट.

बाकी सगळं माझ्या वह्यांमधून बघून लिहिते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून मी रोज वही लिहिते. वर श्री, मग तिथी, उपास कोणता, पोथीचा कितवा अध्याय झाला, घरी कोण आलं-गेलं, काय बोलणं झालं. देवापुढं दिवा लावला की लगेच वही. आमचे हे थट्टा करायचे, "देवालासुद्धा काही विसरायला झालं तर तुला विचारायला येईल." मला त्याचं कौतुकच वाटायचं.

मुक्ता औरंगपुऱ्याच्या मागं आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवायची. जिन्याखालची खोली, छत इतकं खाली की उभं राहायचं तर मान वाकवून. त्यामुळं ती मला कायम मशीनवर बसलेलीच आठवते. तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि तरी शब्द न शब्द कळायचा. माप घ्यायची नाही, नुसतं बघायची.

"वहिनी, दिवाळीपासून दंड अर्धा इंच वाढला तुमचा. शाबुदाण्याचे उपास जरा कमी करा."

"अगं, देवाचे उपास आहेत ते."

"देवाचे हायेत म्हणून तर म्हणते. देवाला बारीक बाई चालती की."

ती चोवीस वर्षांची असताना तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी एका पेटीसकट माहेरी पाठवली आणि माहेराहून ती मशीन शिकायला शहरात आली, ती इथलीच झाली. महिन्यातून एक दिवस मशीन बंद असायचं. विचारलं तर म्हणायची, "घाटीच्या दवाखान्यात जाते, रक्त कमी हाय." दवाखान्याची तिला माहिती फार. गल्लीतल्या कुणाचा नवरा सारखा आजारी पडला, कुणी बाई झुरत चालली, की ही तिला हाताला धरून तपासायला घेऊन जायची. पाच-सहाजणींना तरी तिनं नेलेलं मला माहीत आहे. "रिपोर्ट कागदच असतो, चावत नाय," म्हणायची. तिला एवढं कसं कळतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

छावणीत सर्जेराव म्हणून शिलाई मशीन दुरुस्त करणारे एकजण होते. बायको वारलेली, एक मोठा मुलगा, राजकुमार, वाळूजला कंपनीत. मुक्ताच्या मशीनचा पट्टा बदलायला ते येत. पुढं पुढं पट्टा धड असतानाही येऊ लागले. गल्ली हसायची, मुक्ताही हसायची. एके दिवशी चैत्रात ती माझ्याकडं आली आणि पदराचं टोक चाळवत म्हणाली, "वहिनी, आम्ही रजिस्टर लग्न करतोय."

मला इतका आनंद झाला की मी तिथंच बोलून गेले, "मग यंदा महालक्ष्म्यांना माझी पहिली सवाष्ण तू!"

आमच्याकडं भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या बसतात. नैवेद्याच्या दिवशी पाच सवाष्णी जेवायला असतात आणि त्यांना पितळी ताटात वाढायचं, ही सासूबाईंच्याही आधीपासूनची रीत. इतकी वर्षं मुक्ता त्या दिवशी मागच्या दारानं यायची, पुरणपोळीचा डबा घेऊन जायची. पंगतीला ती कधी बसली नव्हती.

तिनं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "तुमचं सोवळं कडक हाय वहिनी. बसायच्या आधी तुम्हाला सांगितलं पाहिजे. मला तो आजार हाय. पहिल्या नवऱ्यापासून. बारा वर्षं गोळ्या चालू हायेत. डॉक्टर म्हणतात, आता रक्तात सापडत बी नाय, दुसऱ्याला व्हायचा नाय. पण तुम्ही देवाचं करता. लपवून तुमच्या पंगतीला बसले तर मला गिळायचं नाय."

तिला एवढं सांगायची काही गरज नव्हती. माझ्या देवापायी तिनं सांगितलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "देवाला सगळी लेकरं सारखी," असं काहीतरी म्हटलं. ती रडली, मीही रडले. त्या दिवशीच्या पानावर हे सगळं तारीख-तिथीसकट आहे. तिचं लग्न त्यानंतर दीड महिन्यानं झालं.

आता दुसरं पान.

भाद्रपद आला तशी माझी झोप गेली. डॉक्टर काय म्हणतात ते मला कळत होतं. टीव्हीवर ऐकलेलं होतं, एकत्र जेवून होत नाही, ताटा-वाटीनं होत नाही. कळत होतं तरी सासूबाईंच्या पितळी ताटात तिला वाढायचं म्हटलं की मन कचरायचं. तिला बोलावू नये, असं मात्र मनात आलं नाही. दिलेला शब्द होता आणि देवाच्या नावानं दिलेला होता. मग मी मधली वाट काढली. शहागंजातून पत्रावळी आणल्या आणि पाचही जणींना पत्रावळीवरच वाढलं. "ताटं काळी पडलीत, कल्हईवाला आला नाही," असं सांगितलं. जेवणं झाली की पत्रावळी उचलून टाकता येतात. कुणाला काही कळलं नाही.

शेजारच्या आशाबाई मुक्ताच्या मांडीला मांडी लावून जेवल्या. मुक्तानं नवं लुगडं नेसलं होतं, कपाळभर कुंकू, आंबिलीचा भुरका मारताना लहान मुलीसारखी दिसत होती. जेवून उठताना मला म्हणाली, "सगळ्यांनाच पत्रावळी! काय सोवळं तुमचं वहिनी, एकदम जुन्या काळातल्यासारखं."

संध्याकाळी सर्जेराव तिला न्यायला आले. ओसरीत उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमचे उपकार हायेत. हिनं लग्नाआधीच मला सगळं सांगितलं. मी डॉक्टरला बी भेटून आलो. तरी कधी कधी वाटायचं, आपण एकटेच असं वागतोय का. आज तुम्ही हिला देवीच्या पंगतीला बसवलं. माहीत असून बसवलं. लई धीर आला."

मी हात जोडले. रात्रीच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी वही लिहिली आणि सगळं लिहिलं. सर्जेरावांचं बोलणं जसंच्या तसं. खाली हेही लिहिलं की, "मु. साठी सर्वांना पत्रावळी केल्या. ताटं वापरायला मन धजेना. देवी क्षमा कर." एकाच पानावर, वरखाली.

तीन वर्षं बरी गेली. मुक्ता छावणीत राहायला गेली, पण मशीन जिन्याखालीच ठेवलं. रोज सर्जेराव सायकलवर सोडून जात. मग राजकुमारचं लग्न ठरायला लागलं. मुलीकडचे घर बघायला येणार म्हणून तो कपाट आवरत होता, त्याला गोळ्यांची बाटली सापडली. नाव मोबाईलवर टाकलं, तिथं आजार कळला. पुढं काय झालं ते तुकड्या-तुकड्यानं कळलं. मुलीकडच्यांना कुणीतरी सांगितलं, लग्न मोडलं. राजकुमारनं बापाला तपासायला नेलं. सर्जेरावांचा रिपोर्ट चांगला आला, त्यांना काहीही झालेलं नव्हतं. तरी राजकुमार पोलिसात गेला, की ह्या बाईनं आजार लपवून माझ्या वडिलांशी लग्न केलं, त्यांचा जीव धोक्यात घातला. आजार झाला नसला तरी होण्यासारखं वागणं हाही गुन्हा असतो म्हणे. त्यात फसवणुकीचं कलमही लावलं. आणि सर्जेरावांनी सही केली, की मला माहीत नव्हतं. मुलानं सांगितलं होतं, बायको निवडा नाहीतर मुलगा.

मुक्तानं पोलिसांना सांगितलं, "मी ह्यांना लग्नाआधी सांगितलं. वहिनींना विचारा. त्यांच्यासमोर हे बोललेत, आणि वहिनी सगळं लिहून ठेवतात."

तिनं माझं नाव दिलं होतं, माझ्या भरवशावर.

हवालदार आले तेव्हा दुपार होती. कडुबा नाव त्यांचं, बोलायला सालस. आमचे हे खुर्चीत होते आणि आशाबाई नेमक्या वाती वळायला येऊन बसलेल्या.

"मावशी, त्या शिंपीणबाईंनी तुम्हाला आजाराचं सांगितलं होतं का? कधी?"

मी आतून वही आणली. खरं सांगते, त्या क्षणी मला थोडा अभिमानच वाटला. पोलीस माझी वही बघायला आले! मी चैत्राचं पान काढून दिलं. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. "म्हणजे लग्नाच्या आधी तिला पक्कं माहीत होतं. बरं झालं मावशी, तारीखच मिळाली."

आशाबाईंच्या हातातली वात थांबली होती. "अगं बाई! म्हणजे ती आपल्या महालक्ष्म्यांना जेवली, माझ्या शेजारी, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

हवालदारांनी पुढं विचारलं, "तिच्या नवऱ्याला माहीत होतं का? ती म्हणते तुमच्यासमोर बोलणं झालं."

भाद्रपदाचं पान त्याच वहीत, दोन बोटं पुढं. ते काढलं असतं तर वरच्या ओळी मुक्ताला सोडवणाऱ्या होत्या. पण खालच्या ओळी आशाबाई वाचणार, आमचे हे वाचणार, गल्ली वाचणार. माहीत असून आम्हाला शेजारी बसवलं हे एक, आणि देवाच्या नावाखाली पत्रावळींचं नाटक केलं हे दुसरं. मी वही मिटली. म्हणाले, "त्यांच्या घरातलं मला काय माहीत?"

इतकंच बोलले मी. हवालदारांनी ते लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि गेले. आशाबाईंना मी सांगितलं, मला नीट कळलंच नव्हतं तेव्हा, रक्ताचा काहीतरी आजार एवढंच वाटलं. त्यांना पटलं की नाही देव जाणे.

मुक्ताला अटक झाली, पेपरात बातमी आली. नाव नव्हतं, पण "औरंगपुरा परिसरात ब्लाऊज शिवणारी महिला" असं होतं. मग नाव छापायची गरज काय राहिली? दोन दिवसांत बायका जिन्याखाली जाऊन आपापलं कापड परत घेऊन आल्या. अर्धे शिवलेले, बाह्या न लावलेले ब्लाऊज. एकीनं तर टाचण्या काढून तिच्या दारात टाकल्या. मुक्ताला जामीन मिळाला, पण खोली सोडावी लागली. ती गावी भावाकडं गेली. मी तिला जाताना बघितलं नाही. त्या दिवशी प्रदोष होता, मी खडकेश्वराला गेले होते. वहीत तेवढंच आहे.

काही दिवसांनी तिच्या वकीलबाई घरी आल्या. खुशनुमा नाव, मोफत मदत देणाऱ्या वकिलांपैकी, तिशीच्या. चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवून आत आल्या.

"काकू, मेरेकू एकच पान बघायचंय. ती म्हणते, महालक्ष्म्यांच्या दिवशीचं."

"त्या दिवशी कामाच्या गडबडीत लिहायला झालं नाही."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "एक कायदा म्हणतो, हिचा आजार कुणाला सांगायचा नाही. दुसऱ्यानं हिला आरोपी केलं. तुमच्या गल्लीनं दुसराच ऐकला. आणि काकू, सगळी केस कशावर उभी आहे माहितीये? हिनं रक्त तपासून घेतलं होतं, यावर. तपासलंच नसतं तर तिला माहीत नसतं, माहीत नसतं तर गुन्हाच नव्हता. जी नीट वागली तीच अडकली. चला, येते मी. खुदा हाफिज."

मी देवघरात जाऊन बसले, पण जप काही मोजता आला नाही. तरीही पान काढलं नाही. एक नाही, दोन वर्षं. दोन वर्षं महालक्ष्म्या बसल्या आणि उठल्या, मी पितळी ताटात सवाष्णी जेवू घातल्या.

मग प्रेरणाचं झालं. प्रेरणा आमच्या गल्लीतलीच सून, सव्वीस वर्षांची. तिचा नवरा सुरतेहून परत आला तो काडी होऊन. ताप, जुलाब, तोंड आलेलं. मी तिला म्हटलं, "अगं, घाटीत ने त्याला. दोघंही तपासून घ्या." पूर्वी हे सांगायचं काम मुक्ताचं होतं.

प्रेरणा म्हणाली, "नको काकू. मुक्ताबाईंचं बघितलं ना? तपासलं की कळतं. आणि एकदा कळलं की मग पोलीस, पेपर. माहीत नाही तोवर आपण सुटलेले. तुम्हीच तर तारीख दिली होती पोलिसांना."

ती टोमणा मारत नव्हती. साधं जे आहे ते सांगत होती, आणि त्यामुळं मला जास्त लागलं. तिनं तपासलं, पण आठ महिन्यांनी, नवऱ्याला उचलून न्यायची वेळ आल्यावर. दोघांनाही तोच आजार निघाला. तो दिवाळी बघू शकला नाही. आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

त्या आठवड्यात मी खुशनुमांना फोन केला आणि वही त्यांच्याकडं दिली.

साक्षीला मी सरकारच्याच बाजूनं उभी होते, कारण तारीख माझी. देवाशपथ खरं सांगेन, असं म्हणवून घेतलं. सरकारी वकिलांनी चैत्राचं पान विचारलं, मी हो म्हटलं. मग खुशनुमा उठल्या आणि त्यांनी माझ्या हातात वही दिली. "काकू, भाद्रपदाचं पान वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. सर्जेरावांचं बोलणं वाचलं. तिथं थांबले.

सरकारी वकील लगेच म्हणाले, "हे पान तीन वर्षं कुठं होतं? नंतर लिहून घातलं नाही कशावरून? आणि पोलिसांना तुम्ही माहीत नाही म्हणालात ते?"

मग खालच्या ओळीही वाचाव्या लागल्या. हे पान मी का लपवलं, ते त्या ओळींशिवाय कुणाला पटलंच नसतं. मुक्ता मागच्या बाकावर बसली होती, भावाच्या शेजारी. मी वर बघितलं नाही, पण "मु. साठी सर्वांना पत्रावळी" हे वाचताना ती ऐकते आहे हे मला पाठीतून कळत होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, म्हणजे तुम्ही तुमची लाज वाचवायला खोटं बोललात?" मी म्हटलं, "हो साहेब."

माझ्यानंतर सर्जेरावांची साक्ष होती. ते उभे राहिले आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाले, "व्हय, हिनं सांगितलं व्हतं. मी खोटं लिहून दिलं." राजकुमार उठून बाहेर गेला. काही महिन्यांनी निकाल लागला, मुक्ता निर्दोष सुटली. ती बातमी कुठल्याच पेपरात आली नाही. मी रोज शोधत होते.

साक्षीच्या दिवशी बाहेर व्हरांड्यात ती माझ्यासमोर आली. केस पांढरे झाले होते. मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो मागं घेतला नाही, पण तिच्या बोटांनी माझा हात धरला नाही.

"वहिनी, त्या दिवसाचं मी गावाकडं सगळ्यांना सांगितलंय. आईला मरताना सांगितलं, की मला देवीच्या पंगतीला बसवलं. तिला लई बरं वाटलं होतं." मग म्हणाली, "बरं झालं ती गेली."

निकालानंतर मार्गशीर्षात मी तिच्या गावी गेले. ह्यांना सांगून, एकटी, एसटीनं. भावाच्या घरामागं एका खोलीत तिचं मशीन आहे, शाळेच्या पोरींचे गणवेश शिवते. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. बोलली चांगलं. गोळ्या चालू आहेत, पण आणायला दोन गाड्या बदलून परक्या तालुक्यात जाते, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. सर्जेराव दोनदा येऊन गेले, ती गेली नाही. गावात सांगितलंय की नवऱ्यानं टाकली.

"टाकली म्हणलं की बायका हळहळतात. तेवढं चालतं."

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "मी काय देवी हाय का वहिनी, क्षमा करायला. तुम्ही शेवटाला बोललात, त्यानं मी सुटले. ते खरंच हाय. आधीचं बी खरंच हाय." मशीनचं चाक तिनं हातानं उगीच फिरवलं. मग म्हणाली, "दोनच्या गाडीनं जा तुम्ही. तीनला बायका कापूस वेचून परत येतात. शहरातली कोण आली, विचारत बसतील."

मी उठले. ती दारापर्यंत आली आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागली, पूर्वी टाचण्या तोंडात धरून बोलायची तशी.

"त्यांच्यात एक हाय. नवरा गेला दोन वर्षांमागं. आता हिला सारखा खोकला, वजन उतरलंय. मला लांबून बघूनच कळतं."

"मग घेऊन जा ना तिला. तू किती जणींना नेलंस."

"नेलं की ती विचारणार, तुला कसं माहीत." तिनं पदर डोक्यावर घेतला. "आधी मी बाईच्या कानात सांगायचे, मला बी हाय, भिऊ नको, मी जगले तशी तू बी जगशील. तेवढं म्हणलं की बाई उठून चालायला लागायची. आता ते तोंडातून निघत नाय वहिनी. रोज ठरवते. रोज ती समोरून जाते."

 'बोल' असं तिला सांगायचा हक्क माझा नव्हता. गाडीचा हॉर्न वाजला, ती म्हणाली, "निघा."

गाडी फाट्यावर वळली तेव्हा रानातून बायका येत होत्या, लवकर सुटल्या असाव्यात. डोक्यावर गाठोडी, आठ-दहाजणी, एकमेकींशी बोलत. मी खिडकीतून एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यातली ती कोणती, मला ओळखता आलं नाही.